अमरकंदाभोवतीची फक्की

१६ जून
धावड्याच्या झाडाखालच्या उतारावर अमरकंद फुलला. पान अजून नाही, नुसत्या वीतभर दांड्या अन् पिवळसर फुलं. वाकून मोजले. तेवीस! गेल्या साली एकोणीस होते. सौ. म्हणाली, "नातवंडांची एवढी चौकशी करत न्हाई तुम्ही." खरंय.

२१ जून
ग्रा.पं.नं वृक्षलागवड धरलीय, नेमकी त्याच उतारावर. सरपंच सुनीताबाईंकडं गेलो. "काका, झाडं लावतोय, तोडत न्हाय. तुमचे ते कंद न्या उपटून, कुंडीत लावा." म्हटलं, पोरी, कुंडीत जगत नाही ते. बी धुळीसारखं, त्या मातीतल्या बुरशीवाचून रुजत नाही. मला हे वाचून वाचून कळायला दहा वर्षं गेली, तिला उभ्याउभ्या कसं पटावं? शेवटी म्हणाली, "बरं, खुणा करून ठेवा. मुकादमाला सांगते मी." मनानं चांगली आहे.

२ जुलै
ईट गावच्या बाजारातून चुन्याची पांढरी फक्की आणली. प्रत्येक अ.कं.भोवती गोल कडं. उठत-बसत तीन तास. कंबर गेली, पण जीव थंडावला. आता कोण हात लावतंय!

४ जुलै
लिहवत नाही.

५ जुलै
लिहायलाच पाहिजे. काल वर गेलो तर खड्डे फक्कीवरच. मुकादम भागवत घाम पुसत म्हणतो, "काका, आखणी लई बेस केली तुमी. आमचा अर्धा दिवस वाचला." सुनीताबाई माहेरी गेलेल्या, निरोप राहिला. त्याचा काय दोष? दरसाल खड्ड्यांची जागा फक्कीनंच दाखवतात. अन् मी! चाळीस वर्षं शिवणकाम केलं. खडूची रेघ दिसली की कात्री तिथंच चालते, हे मला कुणी सांगायला हवं होतं?
चौदा गेले. नऊ वाचले, ते जेवणाची सुट्टी झाली म्हणून.
सांगितलं तसा भागवतचा चेहरा उतरला. स्वतः खाली बसून ढिगारे चाळू लागला. "ह्यो का? ह्यो का?" अकरा कंद सापडले. चार कुदळीनं फुटलेले.

६ जुलै
अकराही त्याच मातीत परत पुरले. सौ. कळशी घेऊन आली. बघत होती. "माझं पोलकं एवढं जपून शिवलं न्हाई कधी." हसलो. दोन दिवसांनी पहिल्यांदा.

९ जुलै
ग्रामसभा. उठून सांगितलं, खूण माझी, चूक माझी. मागून कुणी तरी, "आता कंदाची बी सभा!" हशा. बसलो नाही. म्हटलं, उरलेला उतार सोडा, खालच्या गायरानात खड्डे मी आखून देतो. सुनीताबाई म्हणाल्या, "लेखी द्या काका. बैठकीत ठेवते." जागेवरच लिहून दिलं.

१८ जुलै
नऊच्या नऊला पानं आली. पुरलेल्यांतून काही नाही. भागवत वाटेत भेटला.
"उगवलं का?"
"न्हाय."
"कवा कळंल?"
पुढल्या जूनला, म्हटलं. कदाचित त्याच्याही पुढल्या. तो म्हणाला, "मी आता तिथं कुदळ लावणार न्हाय. पण दुसरी टोळी आणली तर माझ्या हातात काय?"
बैठक झालेली नाही. रोपांची गाडी सोमवारी येणार. सौ.ला म्हटलं, सोमवारी भाकरी बांधून दे, दिवसभर उतारावर बसणार आहे.
म्हणाली, "एकट्याची कशाला बांधू?"