भाकरी सोडलेल्या भावाला

प्रिय उमाशंकर,

फोनवर बोलायला गेले की तू मला गप्प करतोस, अक्का तू आराम कर म्हणतोस, म्हणून लिहायला बसले. लोहाऱ्यात आज ऊन चांगलं आहे. माझ्या पायांची सूज जरा कमी आहे, डोळे मात्र अजून पिवळेच. तुझे दाजी सकाळपासून पुण्याला न्यायची बॅग भरतायत आणि भरलेलं परत उपसतायत.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की तुझं लिव्हर मला जुळतंय, पण त्यावर चरबी चढलीय, ती उतरल्याशिवाय तुकडा काढता येणार नाही. भाकरी, भात, साखर, बटाटे सगळं बंद. तू लहान पोरासारखं तोंड करून विचारलंस, गव्हाचं सोडतो डॉक्टर, पण ज्वारीचीपण न्हाय का? आजारपणात मी त्या दिवशी पहिल्यांदा पोट धरून हसले. एका बैठकीला चार भाकरी कुस्करणारा तू, मला वाटलं आठ दिवसांत माघार घेशील.

घेतली नाहीस. सास्तूरच्या हॉटेलात बिनसाखरेचा चहा मागितलास तर लोकांनी तुझी लई टर उडवली, या वयात हिरो व्हायचंय म्हणे. माझ्या आजाराचा बोभाटा नको असं मी म्हटलं होतं, म्हणून तू कारण सांगितलं नाहीस, हसून सोडून दिलंस. आपल्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. मग दही, पनीर, शेंगदाणे आणि पालेभाजी, परत पालेभाजी. रामहरीच्या पोरीच्या लग्नात तू नुसती वांग्याची भाजी वाटीनं खाल्लीस, तर जेवण आवडलं नाही असं समजून रामहरी तुझ्यावर रुसला. किती सोसलंस रे माझ्यापायी. तुझ्यासमोर हे बोलायला गेले की मला रडू येतं, म्हणून कधी बोलले नाही.

येळवसेच्या अमावास्येला पूजेसाठी तुझ्या रानात आले होते ना मी. कडब्याच्या कोपीपुढं सगळे जेवायला बसलो. शिवप्रियानं तुझ्या ताटात पालेभाज्यांच्या भज्जीबरोबर बाजरीच्या पिठाचे उंडे वाढले, तू काढून ठेवलेस. तिनं परत वाढले. तू ताट सरकवलंस तशी ती कोपीमागं जाऊन रडायला लागली. मी तिच्यामागं गेले. तिचे डोळे पुसताना मला उमगलं. चरबी उतरली नाही तर माझ्या नवऱ्याला कुणी कापणार नाही, एवढंच तिच्या मनात होतं. यात तिचं काय चुकलं? तुमचा उत्कर्ष आत्ता कुठं पहिलीत बसलाय. बायकोवर रागावू नकोस. तिच्या जागी मी असते तर रोज पुरणपोळी करून वाढली असती.

परवा रिपोर्ट आला, चरबी उतरली. दाजींनी महादेवापुढं नारळ फोडला. तू फोनवर हसलास, पण तुला मी पाळण्यापासून ओळखते. भीती वाटतीय तुला, आणि का वाटू नये? चांगल्या धडधाकट माणसाच्या पोटावर सुरी चालणार आहे.

म्हणून काल मी दाजींना न सांगता डॉक्टरांशी बोलले. ऑपरेशनच्या आधी ते तुला एकट्याला बसवून विचारणार आहेत. तू नको म्हणालास तर बाहेर येऊन आम्हाला एवढंच सांगतील, की शेवटच्या तपासणीत काही जुळलं नाही. त्यांच्याकडं तशी पद्धतच आहे. दाजींना कळणार नाही, गावाला कळणार नाही, मलासुद्धा कळणार नाही, आणि मी जन्मात कधी विचारणार नाही. खोटं कशाला बोलू उमा, मला जगायचंय, लई जगायचंय. पण तू हो म्हण नाहीतर नको म्हण, तुझे उपकार माझ्यावर झालेलेच आहेत. त्या खोलीत बसशील तेव्हा माझा चेहरा डोळ्यांपुढं आणू नकोस. शिवप्रियाचा आण, उत्कर्षचा आण, आणि मग तुला वाटेल ते सांग.

हो म्हणालास तरी, नको म्हणालास तरी तुझीच,
शिवलीला अक्का