सागातले सात खिळे

३ नोव्हें., बिरसी
टेंभऱ्यांच्या सुरेशनं ट्रॅक्टरवर टाकून खुर्ची आणली. त्याच्या आजोबांची म्हणे. सागाची, भारी जड, वर निळा ऑइलपेंट. "पॉलिश करून दे, नव्या घरात ठेवतो." बैठकीखाली आडव्या चार फळ्या, त्या कायले ते समजत नाही. बाजू तिरप्या चिरलेल्या. आणि सात खिळे! सागात! कोण्या गाढवानं ठोकले देव जाणे.

५ नोव्हें.
रंग खरवडला. भेगा बुजवायला भरलेल्या लांबीखाली पितळी बिजागऱ्या. अरे बापरे! ही नुसती खुर्ची नाहीच. पाठ पुढं उलटवली की शिडी. त्या चार फळ्या म्हणजे पायऱ्या. पन्नाशीत पहिल्यांदा अशी वस्तू हाती आली. खिळ्यांनी अडकून आहे, बस.

६ नोव्हें.
खिळ्यांची टोकं वाकवून परत लाकडात घातलेली. असं फक्त माझे बाबा करत. पण सागाला बाबा खिळा? जन्मभर बांबूची खुंटी वापरली. एका खिळ्यासाठी माझ्या कानाखाली हाणली होती.
बाबांच्या बाजेपाशी जाऊन विचारलं. लकव्यानंतर बोलणं फार थोडं. "नोको," म्हणाले. वरून इथल्या विमानतळावरचं शिकाऊ विमान गेलं, ते जाईस्तोवर थांबले, पुन्हा "नोको".
मी भडकलो. "तुमचंच काम होय न जी? काऊन नासवली एवढी वस्तू?"
डोळे मिटून घेतले त्यांनी.

८ नोव्हें.
काढले सातही. दिवस गेला. भोकं बुजवली, बिजागऱ्यांना तेल. उघडली, जराही कुरकुर नाही! सुरेशला फोटो धाडला. "वा रे पठ्ठ्या! उद्या आईले घेऊन येतो."

९ नोव्हें.
सुरेशसोबत त्याची आई, काकू, आल्या. उघडी शिडी पाहून उंबऱ्यातच बसल्या.
"माहा पहिला पोरगा. पाच वर्षांचा. माळ्यावरच्या चिंचेसाठी चढला हिच्यावर, पडला. आमी सारे धान कापून राहिलो होतो."
सुरेशलाही हे माहीत नव्हतं. भाऊ होता एवढंच ठाऊक.
"जाळा म्हटलं हिले. सासरे जाळू देईनात. मंग तुह्या बापानं ठोकली. ठोकता ठोकता रडत होता."
आणि मी काय काय बोललो बाबांना. लाज वाटते. संध्याकाळी त्यांचे पाय चेपत बसलो. माफी मागायची होती, तेवढी राहिली.

१० नोव्हें.
काकू आज एकट्याच. खिळे सरळ करून डब्यात ठेवले होते, ते दाखवले.
"पुन्हा ठोकू का जी, काकू?"
शिडीजवळ गेल्या, खालच्या पायरीवरून हात फिरवला. कितीदा तरी.
"इथंच बसून जेवे तो. ठोकली तवा ही जागाबी बंद झाली."
मग पदर सावरून उठल्या. "उद्या सांगीन."
बाबांची बाज दाराशी ओढली, त्यांना शिडी दिसेल अशी. पाहून राहिले आहेत. खिळ्यांचा डबा आणि हातोडी तिथंच आहेत.