संगणक आलाच न्हाई

आष्टी, ता. परतूर
४ नोव्हेंबर

ती. राजानंदमामा यांस,
संध्याचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर आपलं दोघांचं नुसतं 'काय? काय?' होतं, आणि शिट्टी वाजते म्हणून कानातलं मशीन तुम्ही कपाटात ठेवलंय, तेव्हा पत्रच बरं. आईचा तर दुहेरी घोळ. तिचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि लिहिता तिला येत नाही. तिनं एवढंच सांगायला लावलंय की दादा, बराबर जेवत जा.

बातमी मोठी आहे. आमच्या वाचनालयातल्या चार कंपुटरचं मूल्यमापन होणार आहे. ज्या संस्थेनं ते दिले, तिच्या शीतलमॅडम जालन्याहून येऊन घरोघर विचारणार की लोकांना काय फायदा झाला. फायदा दिसला तर आणखी दोन मिळतील, नाही दिसला तर आहेत तेही उचलून वडीगोद्रीच्या वाचनालयाला देणार. मला काही भीती वाटत नाही, उलट कधी एकदा येतात असं झालंय. कचरूभाऊ इथं भाव बघूनच मोसंबी तोडायला घेतात, सोनूबाई व्हिडिओ बघून ब्लाउजचं कटिंग शिकल्या, बेबीनंदा पोलीस भरतीचे पेपर सोडवते. मी तर रोज गाणं म्हणतच कुलूप उघडते.

प्रश्न आपापल्या गावच्या भाषेत करून घ्या, असं संस्थेनं कळवलंय. मराठी म्हटलं की तुम्हीच. कच्चे प्रश्न सोबत पाठवते. जरा जल्दी करा.

मामींना जयभीम सांगा. माया आहेच, ती अशीच असू द्या.

तुमची भाची,
संध्या


भोकरदन
८ नोव्हेंबर

चि. संध्या हिस,
राजानंदमामाचे अनेक आशीर्वाद.

प्रश्न दुरुस्त करून पाठवीत आहे. जागोजागी 'कंपुटर' वाचून मला ठसका लागला. पस्तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाच्या भाचीने असे लिहावे? मी सगळीकडे 'संगणक' केले आहे. 'संगणकाच्या आगमनाने आपणांस कोणता लाभ झाला?' हा प्रश्न तर मी तुझ्या मामीला मोठ्याने वाचून दाखवला. ती काहीतरी म्हणाली, मला ऐकू आले नाही. कौतुकच असणार.

केशरला सांग, मी व्यवस्थित जेवतो. तिचे 'बराबर' तू जसेच्या तसे लिहिलेस, ते मी तुझ्या पत्रावर लाल शाईने 'बरोबर' केले आहे. लहानपणी 'न्हाई' म्हणाली की मी तिला पट्टी दाखवीत असे. अजून सुधारली नाही.

निकाल लगेच कळव. मीही वाट पाहतो आहे.

तुझा मामा,
राजानंद


आष्टी
१९ नोव्हेंबर

ती. मामा यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आधी बसून घ्या. तुमच्या एका शब्दानं आमचं वाचनालय बुडवलं होतं.

शीतलमॅडम आल्या. ग्रंथपालानं सोबत फिरायचं नाही असा नियम, म्हणून मी इथंच येरझारा घालत राहिले. त्या परत आल्या त्या चेहरा पाडूनच. सोनूबाईंनी त्यांना सांगितलं म्हणे, की संगणक अजून आलाच न्हाई, आला की मंग घरातली सगळी माणसं सांगू. कचरूभाऊ म्हणाले, की मागं एकदा आल्ता, दारावर नंबर टाकून गेला, फायदा काई झाला न्हाई. मॅडमनी नोंद केली की गावात संगणकाचा प्रभाव शून्य. मला तर रडूच आलं.

तेवढ्यात आई माझा डबा घेऊन आल्ती. तिनं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, की अगं, जनगणना होणार म्हणून गावात सारखी चर्चा चाललीय, लोकांना वाटलं मोजणीला येणाऱ्या गणकाचंच विचारतायत. असला शब्द दादाशिवाय कोण घालणार?

मॅडमही हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरल्या. या वेळी त्यांनी 'लायब्ररीतला कंपुटर' एवढंच विचारलं. मग काय, लोक त्यांना सोडेचनात. सोनूबाईंनी अंगातल्या ब्लाउजची बाही दाखवली, कचरूभाऊंनी पिशवीभर मोसंबी दिली, बेबीनंदानं तर उलट त्यांचीच परीक्षा घेतली. मामा, कंपुटर राहिले! नवे दोनही येणार आहेत!

जाताना मॅडमनी एक गंमत शिकवली. माईकमध्ये बोललं की पडद्यावर अक्षरं उमटतात. ते बघितल्यापासून आई माझ्या मागं लागलीय, की दादाला बोलाव. आता कारणं सांगू नका, रविवारी एसटीत बसा.

वाट बघतेय, रागावू नका.

तुमची,
संध्या


भोकरदन
२७ नोव्हेंबर

चि. संध्या हिस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुझ्या मामीने तेव्हा काय म्हटले होते, ते तिने आता पाटीवर लिहून दाखवले. असली भाषा लोकांना कळायची नाही, असे म्हणाली होती. मला कौतुक वाटले होते!

तू मला त्या खुर्चीवर बसवलेस तेव्हा मी तोंड वाकडे केले, हे तू पाहिलेच. मग केशरने माईक हातात घेतला, आणि माझ्यासमोर एकेक शब्द उमटू लागला. 'दादा, तू पोटभर जेवत नाही. खोटं कळवतो. मला समजतं.' किती वर्षांनी माझ्या बहिणीचे संपूर्ण वाक्य माझ्यापर्यंत पोचले. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाही.

पण संध्या, मी केशरच्या ओठांकडे पाहत होतो. ती 'नाही' म्हणालीच नव्हती. ती आयुष्यात कधी 'नाही' म्हणालेली नाही. यंत्राने तिचे बोलणे शुद्ध केले होते. हेच काम मी जन्मभर केले, आणि काल-परवापर्यंत मला त्याचा अभिमान होता. त्या पडद्यावर मात्र मला ते सोसवेना. इतक्या वर्षांनी बहीण बोलली, आणि मधेच कोणी मास्तर येऊन बसला.

तुम्ही दोघी चहा आणायला गेलात, तेव्हा मी एका बोटाने ते 'नाही' खोडले आणि जे हवे ते शोधून शोधून लिहिले. परत येऊन तू विचारलेस, मामा, काय करताय? मी ऐकू न आल्याचे सोंग केले. आता तो पडदा उघडून पाहा आणि केशरला वाचून दाखव. तिथे 'न्हाई' आहे.

शीतलमॅडमना माझे उत्तरही कळव. कंपुटरचा फायदा झाला. 'न्हाई' कोण म्हणतो?

तुम्हा दोघींवर आहे तेवढाच जीव राहो, आणि पुढच्या रविवारी माझी खुर्ची मोकळी ठेवा.

तुझा मामा,
राजानंद

ता. क. केशरला सांग, आता बराबर जेवतो.