न झिजणारी चप्पल

पाटण, रविवार

प्रिय वजीर,

तुला सलाम, शमशादवहिनींना नमस्कार. तुझा गुडघा आता ऊठबस करू देतो का? इकडं मी मजेत आहे, म्हणजे परवा मोटर सुरू करताना करंटनं उसाच्या सरीत फेकलं तेवढं सोडून. (फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही, आणि गल्लीला ओरडून सांगावी अशी ही गोष्ट नाही.)

झालं असं, की आमची नात अपेक्षा सांगलीच्या कॉलेजात रबर सुधारायला शिकते. पेन्सिलीत शिसं असतं ना, ते ग्राफाइट. त्याचे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके पातळ पापुद्रे सोडवायचे आणि रबरात कालवायचे. म्हणे असं रबर झिजत नाही, तापत नाही, फाटत नाही. मी म्हटलं, आमचा वजीर ट्रॅक्टरच्या टायरमधून तळ कापतो, त्यापुढं तुझं काय टिकणार? पोरगी हट्टी. (आमचंच रक्त.) तिनं माझ्या चपलांना तिच्या रबराचा तळ लावून आणला. "आजोबा, ह्यातनं करंट जातोय, मोटरीपाशी घालू नगासा," असंही बजावलं. पण पलटणीत हयात घालवलेल्या माणसाला रबर म्हणजे रबर! ओल्यात उभा राहून निर्धास्त स्टार्टरला हात लावला. पुढचं वर आलंच आहे. सुट्टीला आलेल्या नातीनं धावत येऊन आधी तळ तपासला, मग मला.

सरीत पडल्या पडल्या तुझं दुकान आठवलं बघ. दर वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी तळ बदलायला मी तासगावला यायचो. तू आल्या आल्या चपला काढून घ्यायचास आणि दिवस मावळेपर्यंत द्यायचा नाहीस. अनवाणी माणूस जाणार कुठं? बसायचं, वहिनींचा बेदाणे घातलेला शीरखुर्मा खायचा, तुझ्या बढाया ऐकायच्या. उठायला लागलो की तुझं ठरलेलं, "घाई कसली गड्या, सोल्युशन वाळू दे की." (तुझ्या चपलांना नुसते खिळे असतात. वाळायचं काय, हे मी कधी विचारलं नाही.)

यंदा ईद होऊन गेली आणि माझा तळ नवाकोरा. घरात बसून राहिलो. फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं रे.

तुझा,
नाथाजी

ता. क. : चपला रोज विहिरीच्या दगडावर घासतो. दगड गुळगुळीत झाला. अपेक्षा खूश आहे, तिला वाटतं मी तिच्या रबराची परीक्षा घेतोय.

आणखी एक : तळ न झिजताच आलो तर चालेल का? ह्याच चपला घालून येतो. आल्या आल्या काढून घे.