नऊ दिवस बॅटरीविना

प्रिय सुयश,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुझी सायली सांगत होती, तेराव्यानंतर तू दुकान उघडलंच नाहीस. गिऱ्हाइकांचे लॅपटॉप तसेच परत केलेस, आणि विचारलं की 'माझ्यामुळे दाजी न बोलता गेले' एवढंच म्हणतोस.

इकडे सिन्नरला थंडी पडली आहे. यांची खाट मी अजून हलवलेली नाही. यांच्या कारखान्यातले लोक भेटायला येतात, दोन मिनिटं बसतात आणि कुठे बघावं ते त्यांना कळत नाही.

तुला आठवतं, हातापायांपाठोपाठ यांची जीभही पार थांबली तेव्हा तूच तो लॅपटॉप आणलास, नजर ओळखणारा कॅमेरा जोडलास. हे अक्षरांवर डोळे फिरवायचे आणि लॅपटॉप बोलायचा. पहिलं वाक्य काय, तर 'सुयश, तुझं पोट सुटलंय.' तू तेव्हाच मला बजावलं होतंस की बॅटरी आत चिकटवलेली असते, सतत वायर लावून ठेवलीस तर तीन-चार वर्षांत संपेल. पण वायर काढायची कधी? हे सकाळी डोळे उघडल्यापासून बोलायचे. सुरुवातीला लाइट गेली तरी चार तास निघायचे. मग एक तास, मग दहा मिनिटं. शेवटी शेवटी लाइट गेली की यांचं वाक्य मध्येच तुटायचं, आणि हे काळ्या पडद्याकडे बघत राहायचे.

दिवाळीनंतर लॅपटॉपचा कीबोर्ड आतून वर उचलला गेला. तू बघितलंस आणि म्हणालास, "ताई, बॅटरी फुगलीय. पेट घेईल. आजच्या आज नेतो." नेलास ते बरोबरच केलंस. पहिली बॅटरी डुप्लिकेट निघाली, ती तू बसवली नाहीस. दुसरी यायला आठवडा गेला. यात तुझं काही चुकलं नाही, हे मी दहाव्याला सर्वांसमोर सांगितलं. पण त्यापुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या नऊ दिवसांत मी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून यांच्यासमोर धरायचे. दोन दिवस यांनी प्रयत्न केला, मग पुठ्ठ्याकडे बघणंच सोडलं. नवव्या दिवशी दुपारी ताप चढला, श्वास लागला, तेव्हा यांनी पुन्हा नजर वळवली. आधी 'मा'वर थांबले. दुसरं अक्षर काही कळेना. 'माफ' होतं की 'माशी', देवाला ठाऊक. घरात माश्या खूप झाल्या होत्या. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं.

सुयश, लॅपटॉप नेण्याआधी त्या दिवशी दारात तू मला विचारलं होतंस, "तोवर दुकानातला जुना लॅपटॉप लावून देऊ? दाजींना विचार." मी आत गेले, विचारलं. लॅपटॉप अजून चालू होता, यांनी स्पष्ट लिहिलं, 'हो. दुसरा लाव.' आवाज बारीक केलेला होता, तुला ऐकू गेलं नाही. मी बाहेर येऊन तुला म्हणाले, "नको म्हणतात. दोन दिवसांचंच तर आहे." मला ते दोन दिवस हवे होते रे. 'योगिनी, पाठ.' 'योगिनी, उशी.' 'योगिनी, डोळा पूस.' दिवसातून शंभर वेळा, त्या एकाच सपाट आवाजात. मला घरात शांतता हवी होती. पुढचे सात दिवसही तू रोज फोनवर विचारत होतास, आणि रोज मी नकोच म्हणाले. यांना माझं खोटं कळलं होतं. यांच्या माझ्याकडे बघण्यातून ते मला रोज दिसत होतं. हे तुला कळावं, म्हणून पत्र. तू उद्या दुकान उघड. आणि 'ताई, तू थकली होतीस' असं सांगायला येऊ नकोस. मी थकले होते, पण ते यांना एकदाही सांगितलं नाही. मला तर तोंडानं बोलता येत होतं.

तुझीच,
ताई