कामाआधीचा सत्कार

९ जाने., शुक्रवार. धाराशिव
निवड झाली. मेल सकाळीच आलेला, अभ्यासिकेत रेंज नसते म्हणून दुपारी जिन्यात येऊन वाचला. एक वर्ष, पूर्णवेळ स्वयंसेवक. नंदुरबार, धडगावकडचा डोंगर. शाळा सुटलेल्या मुलींचे वर्ग घ्यायचे. राहण्या-खाण्यापुरतं मानधन. २ फेब्रु.ला हजर व्हायचं.
पूजाला सांगितलं. आम्ही एकाच खोलीवर राहतो, ती पोलीस भरतीची तयारी करते. म्हणाली, वर्ष गेलं म्हणजे वय गेलं, भरती काय तुझ्यासाठी थांबणार आहे? मग म्हणाली, "पण पार्टी तर दे." वडापाव. तिनं दोन खाल्ले.
अप्पांना फोन केला तर दुकानात काँप्रेसर चालू. ओरडून सांगितलं, निवड झाली. बाकीचं सांगणार तेवढ्यात ट्रक आला. मेल पाठवून दिला.

११ जाने., रविवार. जळकोट
गावी आले, हायवेला उतरले. अप्पांच्या पंक्चरच्या दुकानाशेजारी फ्लेक्स. माझा ओळखपत्रावरचा फोटो, तोही रुंदीला ताणलेला. 'शासकीय सेवेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांचे चेहरे. त्यातले निम्मे मला ओळखतही नसतील.
आई पेढे वाटून मोकळी. समोरच्या काकूंनी मला मॅडम म्हटलं आणि बसायला खुर्ची पुसून दिली. याच काकू लहानपणी मला त्यांच्या अंगणातून हाकलायच्या.
आईला सांगितलं, ही नोकरी नाही. ती तिळाचे लाडू वळत होती. "वरसानं पर्मनंट करत्याल की." नाही करत, म्हटलं. "बरं, बगू."
अप्पांशी उद्या बोलेन.

१३ जाने.
उद्याचा उद्या चाललाय.
उमरग्याच्या आत्या आल्या, स्थळ घेऊनच. मुलगा कुठल्याशा सरकारी ऑफिसात क्लार्क. त्यांना नोकरीवालीच पाहिजे. फोटोत गॉगल लावून धरणावर उभा. दिसायला वाईट नाही (इथं लिहायला काय हरकत आहे).
आत्यांनी माझी बदलीसुद्धा ठरवून टाकली. आधी लग्न, मग ओळख काढून नंदुरबारहून इकडं. आत्या, त्यात बदली नसते, म्हटलं. "समद्यात असती बदली. तुला काय कळतंय, आत्ता तर लागलीस."

१५ जाने.
आज बोलले. अप्पा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. सगळं सांगितलं. नोकरी नाही, पर्मनंट नाही, वर्षानं परत घरी, हातात एक प्रमाणपत्र. फ्लेक्स उतरवू या.
"ठाव हाय मला," म्हणाले.
मेल त्यांनी त्याच दिवशी झेरॉक्सवाल्याकडून वाचून घेतला होता. मग फ्लेक्सला हो का म्हणालात?
"नोकरी म्हणलं की पोरीला कुणी आडवत न्हाय. सेवा म्हणलं की समदी भावकी दारात. एकटी पोर वरीसभर कुठं धाडताव म्हून. तू जा गुमान. म्होरचं मी बगतो."
नुसता व्हॉल्व्ह ढिला असला तर पंक्चर नाही म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवणारा माणूस. माझ्यासाठी खोटं बोलला.
राग यावा की…

१८ जाने.
दिवसभर विचार. अप्पांचं बरोबर आहे, हेच अवघड आहे. गप्प बसले तर २ तारखेला आरामात पोचते.
शिबिर आठवतं. कॉलेजकडून उमरग्याजवळच्या एका गावात आठवडाभर शोषखड्डे खणले होते. हाताला फोड. शेवटच्या दिवशी आमचा सत्कार, भाषणं, फोटो. पुढच्या वर्षी त्या गावावरून गेले तर खड्डे गाळानं भरलेले, सांडपाणी रस्त्यावर. साफ कसे करायचे हे आम्ही कुणाला दाखवलंच नव्हतं. आठवडा संपला आणि आम्ही निघालो. म्हणून तर वर्षभराचं काम मागून घेतलं. थांबायचं होतं कुठंतरी.
आणि इथं जायच्या आधीच सत्काराची तयारी.

२१ जाने.
आईचं हळदीकुंकू. एकीनं तिच्या मुलीला माझ्या पाया पडायला लावलं, साहेब होशील म्हणून. मी पाय मागं घेतले.
ग्रामपंचायतीतून निरोप. २६ ला झेंडावंदनानंतर सत्कार, दोन शब्द बोलायचे.
पूजा फोनवर म्हणाली, "बोलू नकोस. शाल घे, नारळ घे, बस पकड."

२४ जाने.
अप्पांना म्हटलं, मी खरं सांगणार आहे. तिथं जाऊन मुलींना काय शिकवू, घरी खोटं सांगून आले म्हणून? अप्पांनी फडक्याला हात पुसले.
"सांग. पर सांगितल्यावर भावकीला तोंड मला द्यायचं हाय, तुला न्हाय. आन् मग जाणं ऱ्हायलं तर माज्यावर रुसू नगं."
याचा विचार मी खरंच केला नव्हता. खरं बोलणार मी, ऐकून घेणार ते.

२६ जाने.
बोलले. फेटा डोळ्यांवर येत होता. म्हटलं, ही शासकीय नोकरी नाही. एक वर्षाचं स्वयंसेवकाचं काम आहे. सत्कार करायचाच तर परत आल्यावर करा, काही केलं असेल तर. पुढं पाठ केलेलं सगळं विसरले.
मागून कुणीतरी, "म्हंजी पगार न्हाय?" हशा. मीही हसले थोडं. अप्पा सगळ्यांत मागं उभे होते, ते नाही हसले.
सूत्रसंचालकाच्या हातात आधीच लिहिलेला कागद. शासकीय सेवेत रुजू होत असल्याबद्दल त्यांनी माझं पुन्हा एकदा अभिनंदन केलं.

२८ जाने.
स्थळ मागं फिरलं. त्या लोकांनी आत्यांना फोन केला. आत्या, दोघे चुलते, सगळे ओट्यावर. "वरीसभर डोंगरात एकली ऱ्हायलेली पोरगी कोण करून घील?" चुलते म्हणाले, इथल्या पोरी काय मेल्यात का शिकवायला? प्रश्न चुकीचा नव्हता.
अप्पा म्हणाले, "तिनं तिचं सांगितलंय. म्या अजून काय म्हणलो न्हाय."
आईला कळलं की अप्पांना पहिल्यापासून माहीत होतं. माझ्यावर नाही, त्यांच्यावर चिडलीय. "मला तरी सांगायचं. दारोदार पेढं वाटीत फिरले म्या." मी सांगितलं तेव्हा पेढे वाटून झाले होते, आणि तिनं ते खरंही धरलं नव्हतं. यात सगळ्यात जास्त फसली ती आई. माझ्या खऱ्या-खोट्याच्या हिशेबात ती कुठंच नव्हती.

३१ जाने., शनिवार
उद्या निघालं तरच २ ला पोचता येईल. बॅग अर्धी भरून ठेवलीय. कुणी जा म्हटलेलं नाही.
आज आई पहिल्यांदा बोलली. तिकडं खात्यात काय? ज्वारी मिळती का? संडास हाय का? माहीत होतं तेवढं सांगितलं. मग भाजी निवडता निवडता, "आन् वरीसभर करून बी त्या पोरी शाळंत गेल्या न्हाईत तर?"
तर तशीच परत येईन, म्हटलं.
"मोकळ्या हातानं?"
"व्हय."
तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. अप्पा उंबऱ्यात चप्पल काढायची थांबले होते. तेवढ्यात आत्यांचा फोन आला. आईच्या मांडीशेजारीच वाजत राहिला. तिनं बघितलं, उचलला नाही. पुन्हा वाजला, तसा तिनं तो पालथा घातला.