ओढून बघायची खोड

सोमवार, ३ मार्च
भावजी म्हणजे एक नमुना आहे! बोटीच्या बॅटरीच्या केबल बदलायला काढल्यात — अंगठ्याएवढ्या जाड. टोकाला तांब्याचा लग, म्हणजे बोल्टमध्ये अडकवायचं भोकाचं टोपण, बसवायचा; तो असा दाबायचा की लग आणि आतल्या तारा एकजीव झाल्या पाहिजेत. आणि हे महाशय ते हातोडीने करतात! लग ठोकळ्यात ठेवायचा आणि हाणायचं.

ताईचा फोन आला नसता तर मी या भानगडीत पडलोच नसतो. "शनिवारी आम्ही दोघं आठवडाभर समुद्रात जाणार. लग सैल राहिला तर तापून पेट घेतो म्हणे. तू बघ ना जरा." बघतो. इंजिनाकडच्या सगळ्या केबल मी माझ्याकडे घेतल्या. निदान तेवढं तरी धड होईल.

मंगळवार, ४ मार्च
माझी नवी हायड्रॉलिक पक्कड! लगवर जो आकडा, त्याच आकड्याचा साचा लावायचा, दांडा दाबायचा — टक्! वरून काळी नळी चढवून गरम हवा दिली की आवळून बसते, आतलं काही दिसत नाही. भावजी म्हणाले, "छान दिसतंय रे." दिसणारच.

त्यांचं काय, तर लग टेबलावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळायचा, दोन्ही पाय टेबलाला लावायचे आणि दातओठ खाऊन केबल ओढायची. प्रत्येक! "ओढून बघावं, नुसतं बघून काय कळतंय?" माझ्याही ओढू का, म्हणाले. म्हटलं, "भावजी, नव्या हत्याराचा अपमान करू नका."

बुधवार, ५ मार्च
आज त्यांचा एक लग उलट्या तोंडाने बसला. एवढी जाड केबल पिळून वळत नाही, कापूनच टाकावा लागला. तो तुकडा मी खिशात घातला. आडवा कापून आतल्या पोकळीचा फोटो ताईला पाठवणार. कळू दे नवऱ्याची कला.

गुरुवार
भावजींची पाठ धरली. ओढा अजून!

शुक्रवार, ७ मार्च
"जरा शेवटचा हात फिरवतो" म्हणून सकाळपासून एकटेच बोटीवर. नको तिथे वेळ घालवण्यात यांचा हात कोण धरणार!

शनिवार, ८ मार्च
सकाळी गेले दोघं.

दुपारी करवत घेऊन भावजींचा तुकडा कापला. आत भरीव तांबं, सुईला जागा नाही. नशीब, दुसरं काय! शेजारी ठेवायला मंगळवारी पक्कड आल्यावर सरावासाठी दाबलेला माझा नमुना घेतला — तोच साचा, तोच लग. पूर्ण कापावाही लागला नाही. लग हातात आला. तारा आत मोकळ्या!

म्हणजे इंजिनाकडच्या सगळ्याच तशा. ताईचा फोन लागत नाही. धक्क्यावर जाऊन आलो, पाण्यावर काही दिसत नाही. देवा, इंजिन सुरूच होऊ नये त्यांचं.

रविवार
ताईचा फोन. मी ओरडलोच — इंजिन बंद कर! ती हसली. "अरे, तुझ्या सगळ्या केबल यांनी शुक्रवारीच कापून नव्याने बसवल्या. ओढल्यावर दोन तर हातात आल्या. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस हं, फार हौसेने केलंय त्याने."